कोळसून : नाव, कुल आणि भवितव्य



सह्याद्रीच्या रानात वावरणाऱ्या माणसाला कोळसून ठाऊक असतो. कोणी त्याला कोळसुंदा म्हणतो, कोणी कोळशिंदा, तर पुष्कळ लोक नुसतेच रानकुत्रा म्हणतात. येथून, जयनगराहून, म्हैसूरमार्गे बंदिपूरच्या जंगलाकडे जावे, तर कन्नडमध्ये त्याचे सीळुनायी, म्हणजे फाडून खाणारे कुत्रे, असे नाव कानी पडते. इंग्रजी ग्रंथांत त्याला ढोल म्हणतात. या शब्दाची व्युत्पत्ती मात्र निश्चित झालेली नाही. नावे अनेक असली तरी प्राणी एकच आहे. त्याच्या बाबतीत नावाचा प्रश्न केवळ कोशकारांपुरता राहिला नाही. लोकांनी त्याला जे म्हटले, त्याप्रमाणेच त्याला वागणूक मिळत गेली.

शास्त्रीय नामकरणाचा इतिहास पाहू. 1811 मध्ये पीटर सायमन पल्लास या निसर्गशास्त्रज्ञाने पूर्व सैबेरियातील या प्राण्याचे वर्णन करून त्यास ‘कॅनिस अल्पायनस’ हे नाव दिले. पुढे वीस वर्षांनी, 1831 मध्ये, मुंबई सरकारच्या सेवेत असलेल्या विल्यम हेन्री साइक्स याने दख्खनमधील सस्तन प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली. तीत त्याने हाच प्राणी ‘कॅनिस दुखुनेन्सिस’, म्हणजे दख्खनचा कुत्रा, या नावाने नोंदविला आणि मराठे लोक याला ‘कोळसून’ म्हणतात, हेही नमूद केले. अशा रीतीने एक मराठी शब्द प्राणिशास्त्राच्या ग्रंथात गेला. काठमांडूस राहणाऱ्या ब्रायन हॉजसनने 1833 मध्ये हिमालयातील प्राण्यास ‘कॅनिस प्रिमीव्हस’, म्हणजे आदिम कुत्रा, असे नाव दिले, कारण पाळीव कुत्र्याचा मूळ पूर्वज हाच असावा, अशी त्याची समजूत होती.

ही समजूत पुढे टिकली नाही. परंतु हॉजसनचे निरीक्षण सूक्ष्म होते. लांडगा आणि पाळीव कुत्रा यांच्या खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूस तीन दाढा असतात. कोळसुनाला दोनच असतात. त्यामुळे कुत्र्याचे दात 42, तर कोळसुनाचे 40 भरतात. त्याचे मुस्कट आखूड, कान गोलसर आणि शेपूट झुबकेदार व काळसर असते. मादीला कुत्रीपेक्षा अधिक स्तन असतात. तो कुत्र्यासारखा भुंकत बसत नाही. दाट झाडीत पांगलेला कळप शिटीसारख्या आवाजाने एकत्र येतो. हे भेद ध्यानात घेऊन हॉजसनने 1838 मध्ये त्याच्यासाठी ‘कुऑन’ ही स्वतंत्र प्रजाती निर्माण केली. गंमत अशी की, या ग्रीक शब्दाचा अर्थही कुत्रा असाच आहे.

नामकरणाच्या नियमानुसार जातीचे सर्वांत जुने नाव ग्राह्य धरले जाते. म्हणून पल्लासचे जातिनाम आणि हॉजसनचे प्रजातिनाम मिळून आज ‘कुऑन अल्पायनस’ हे नाव रूढ आहे. या प्रजातीत आज हयात असलेली ही एकच जाती होय. कुलातील तिच्या स्थानाविषयी मात्र बराच काळ मतभेद होते. 1945 मध्ये जॉर्ज सिम्पसन याने दातांच्या साम्यावरून आफ्रिकेतील रानकुत्रा, दक्षिण अमेरिकेतील झुडपी कुत्रा आणि कोळसून यांना एका वेगळ्या उपकुलात घातले. पुढे आनुवंशिक अभ्यासातून असे दिसून आले की, मांस कापण्याजोगे दात या प्राण्यांत स्वतंत्रपणे विकसित झाले आहेत, आणि कोळसून हा लांडगा व कोल्हा यांच्या वंशाचा जवळचा नातलग आहे.

शास्त्रज्ञांचा हा विचार चालू असताना रानात मात्र वेगळेच घडत होते. 1895 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द सेकंड जंगल बुक’मध्ये किपलिंगने दख्खनच्या या लाल कुत्र्यांची झुंड म्हणजे जंगलावरील अरिष्ट, असे चित्र रंगविले. हा प्राणी आपल्या मूत्राने भक्ष्याला आंधळे करतो, असा समज लोकांत होता. शिकाऱ्यांना तो हरणांचा शत्रू वाटे. सरकारदरबारी त्याची गणना उपद्रवी जनावरांत झाली आणि त्याला मारणाऱ्यास बक्षीस मिळू लागले. भक्ष्य जिवंत असतानाच त्याचे लचके तोडण्याची त्याची रीत पाहणाऱ्यास क्रूर वाटते, हे खरे. परंतु पंधरा-वीस किलो वजनाच्या प्राण्याला आपल्याहून मोठे सांबर पाडावयाचे, तर कळपाने आणि याच रीतीने पाडावे लागते.

ए. जे. टी. जॉनसिंग यांनी 1970 नंतरच्या दशकात बंदिपुरात या प्राण्याचा शास्त्रीय अभ्यास केला, तेव्हा त्याचे खरे रूप समोर आले. चितळ हे त्याचे मुख्य भक्ष्य. आणि ज्या जंगलात तो होता, त्याच जंगलात वाघ, बिबट्या आणि चितळांचे कळपही नांदत होते. कोळसुनामुळे हरणे संपतात, या समजुतीला त्यामुळे आधार उरला नाही.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले, आणि 2022 च्या दुरुस्तीने त्याचा समावेश पहिल्या अनुसूचीत झाला. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने 2004 पासून त्याला संकटग्रस्त मानले आहे. संघाच्या 2015 च्या अंदाजानुसार जगात प्रजननक्षम कोळसून फक्त 949 ते 2,215 इतकेच उरले असावेत. सैबेरियात, जेथून त्याला पहिले शास्त्रीय नाव मिळाले, तेथून तो बहुधा नाहीसा झाला आहे. भारतात पश्चिम घाट, मध्य भारत आणि ईशान्येकडील रानांत तो टिकून आहे; महाराष्ट्रात ताडोबा, पेंच, मेळघाट आणि नागझिरा येथे तो दिसतो.

बक्षिसे बंद झाली, तरी धोका टळलेला नाही. जंगले तुटक होत आहेत, भक्ष्य घटत आहे, आणि गावच्या कुत्र्यांपासून रेबीज व डिस्टेंपर हे रोग त्याच्यापर्यंत पोहोचू शकतात. कळपाने राहणाऱ्या प्राण्यात असा रोग शिरला की सबंध कळप नष्ट होण्याची भीती असते. म्हणून रानालगतच्या गावांत कुत्र्यांना लस टोचणे आणि एका रानातून दुसऱ्या रानात जाण्याचा मार्ग मोकळा ठेवणे, ही कामे कायद्याइतकीच महत्त्वाची आहेत. साइक्सने मराठी मुलखात ऐकलेले कोळसून हे नाव पुढील पिढ्यांना केवळ ग्रंथात वाचावे लागू नये, यासाठी ती आजच हाती घेतली पाहिजेत.