नदीची निळी रेषा



आपला मुलूख कमी पावसाचा. आभाळाकडे डोळे लावून बसायची आपल्याला सवय. म्हणून पुराची गोष्ट काढली, की लोक आम्हाला म्हणतात, “मास्तर, हितं प्यायला पाणी न्हाई, अन् तुम्ही पूर कुठला काढता?”

पण आपल्या नद्यांना मोठा पूर येतो तो बहुधा वरच्या पावसाने. कऱ्हा पुरंदरच्या डोंगरातून येते. नीरा भोरकडच्या सह्याद्रीतून येते. भीमा भीमाशंकराहून येते. डोंगरात उतार मोठा. तिथे पाणी धावत सुटते. आपल्याकडे जमीन सपाट. पाणी मंदावते, पात्रात मावत नाही, आणि दोन्ही अंगांना पसरते. ते पसरते त्या जागेला पूरमैदान म्हणतात. थडीची काळी जमीन पुराने आणलेल्या गाळाची. तिथे पीक जोमाने येते. थडी शेताला चांगली, पण घराला धोक्याची.

आता तुम्हाला वाचता येते. पंचायतीच्या फळ्यावर पुराची सूचना लागते. तिच्यातले चार शब्द आज समजून घेऊ.

पहिला शब्द विसर्ग. धरणातून नदीत सोडलेले पाणी म्हणजे विसर्ग. तो क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी. आपण तोंडाने ‘एक’ म्हणतो, तेवढ्यात पंधरा लिटरचे जवळजवळ दोन डबे ओतले, असे समजा. ‘वीर धरणातून १०,००० क्युसेक विसर्ग’ असे वाचले, तर तेवढ्याच वेळात जवळजवळ वीस हजार डबे पाणी नीरेत आले! मग काठावरची मोटार आणि जनावरे लगेच हलवावीत.

दुसरा शब्द फुगवटा. नीरा नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते. भीमा भरून वाहत असली, तर नीरेच्या पाण्याला वाट मिळत नाही. ते मागे तुंबते. पाऊस नसतानाही ओढ्याचे पाणी उलटे चढते. हा फुगवटा.

तिसरा शब्द निळी रेषा आणि चौथा लाल रेषा. जलसंपदा खाते नदीची मोजणी करून नकाशावर या रेषा काढते. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो, ती साधारणपणे निळी रेषा. तिच्या आत घर बांधायला मनाई आहे. शेत, बाग, मैदान चालते. सरासरी १०० वर्षांतून एकदा येणारा मोठा पूर जिथवर पोचतो, ती लाल रेषा. दोन्ही रेषांच्या मधे बांधायचे, तर परवानगी घ्यावी लागते आणि जोते उंच ठेवावे लागते.

इथेच माणूस फसतो. तो म्हणतो, “परवा पूर येऊन गेला. आता पंचवीस वर्षं घोर नाही.” हे खरे नव्हे!

एक गाडगे घ्या. त्यात जोंधळ्याचे २४ दाणे आणि एक हरभरा टाका. दरसाल डोळे मिटून एक दाणा काढायचा, बघायचा आणि परत आत टाकायचा. हरभरा निघाला, की त्या साली पूर. यंदा हरभरा निघाला, तरी तो परत गाडग्यात गेलाच. पुढच्या सालीही तो निघू शकतो. नदी पंचांग बघून येत नाही. असे गाडगे २५ वर्षे चाळले, तर एकदा तरी हरभरा निघण्याचा संभव शंभरांत चौसष्ट. म्हणजे निळ्या रेषेच्या आत घर बांधणाऱ्याच्या हयातीत पूर दारात येणार, असेच धरून चालावे.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुरंदरात धो धो पाऊस झाला. नाझरे धरणाचे पाणी कऱ्हेत आले आणि बारामतीत काठावरच्या हजारो माणसांना घरे सोडावी लागली. वर्ष उलटले, आणि १४ ऑक्टोबर २०२० ला बारामती-इंदापुरात अतिवृष्टी होऊन ओढ्यांना पूर आले. कुठे गेली पंचवीस वर्षे?

तेव्हा नदीकाठी स्वस्तात गुंठा मिळाला, तर आधी विचारा, “ही जागा निळ्या रेषेच्या आत का बाहेर?” तोंडी उत्तरावर जाऊ नका. नकाशा मागा आणि स्वतः वाचा. ओढ्याकाठी रेषा आखलेली नसेल, तर गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, पाणी कुठल्या पायरीला लागले होते. त्या पायरीच्या खाली घर नको.

नदी आपली आई आहे. पण तिचे अंथरूण रुंद आहे. बारा महिने ती अंग आखडून निजते, म्हणून उरलेली जागा आपली होत नाही. तिथे पीक घ्यावे. लेकरे निजवायची ती उंचावर.