मी तीच आहे : 'पाठलाग'च्या निमित्ताने
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



समितीने मला फोन केला तेव्हा सांगितलं, "वकीलबाई, कायद्यावर बोलू नका, लोक झोपतील. जेवणात भरीत आणि कळण्याची भाकर आहे, त्याआधी काहीतरी हलकं बोला." म्हणून मी सिनेमावर बोलणार आहे. पण वकील शेवटी वकीलच. कायदा मागच्या दाराने आत येईलच, तेवढं सांभाळून घ्या.

सिनेमा आहे 'पाठलाग'. साल १९६४. दिग्दर्शक राजा परांजपे. 'लाखाची गोष्ट', 'पेडगावचे शहाणे', 'जगाच्या पाठीवर' करणारा हा माणूस. लोकांना हसवता हसवता रडवणारा. त्याने हा काळापांढरा रहस्यपट केला. जयंत देवकुळे यांची 'आशा परत येते' ही कादंबरी त्याच्या मुळाशी आहे. नायक डॉ. काशिनाथ घाणेकर, नायिका भावना. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार याच चित्रपटाला मिळाला. लगेच १९६५ मध्ये तमिळमध्ये 'इदय कमलम' निघाला आणि १९६६ मध्ये राज खोसलांनी हिंदीत 'मेरा साया' केला. साधना, सुनील दत्त, उदयपूरचे महाल, मदन मोहन यांचं संगीत आणि बरेलीच्या बाजारात पडलेला तो झुमका. हिंदी रंगीत होता, म्हणून आपल्यातल्या अनेकांना तोच आठवतो. मूळ गोष्ट मराठी आहे, हे पोरांना सांगितलं तर पोरं विश्वास ठेवत नाहीत.

आपल्या पिढीने हे सिनेमे उशिरा पाहिले, दूरदर्शनवर, तेही शेजाऱ्यांच्या घरात दाटीवाटीने बसून. संच काळापांढरा होता, त्यामुळे रंगीत सिनेमाही आपल्याला काळापांढराच दिसायचा. 'पाठलाग'चं त्या संचावर काहीच नुकसान झालं नाही.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एका वकिलाची बायको आजारपणात जाते. नवऱ्याने तिला डोळ्यांदेखत जाताना पाहिलेलं असतं, अंत्यसंस्कारही झालेले असतात. पुढे पोलीस गुन्हेगारांच्या टोळीतली एक बाई पकडतात. चेहरा हुबेहूब त्या बायकोचा. आणि ती म्हणते, मी टोळीतली नाही, मी यांची बायको आहे. घरच्यांशिवाय कोणाला ठाऊक नसतील अशा गोष्टी ती सांगते. पुढचं सांगणार नाही. मोबाईलवर शोधा आणि बघा.

यात भूत नाही आणि खून कोणी केला हा प्रश्नही नाही. सगळी भीती एका माणसाच्या मनात आहे. त्याचे डोळे सांगतात ही तीच आहे, आणि त्याचेच डोळे सांगतात की ती गेली, मी स्वतः पाहिलं. दोन्ही साक्षी एकाच साक्षीदाराच्या. तो खलनायक नाही, प्रामाणिक माणूस आहे. म्हणूनच आपला जीव वरखाली होतो. त्यात गदिमांचे शब्द, दत्ता डावजेकरांची चाल आणि आशाबाईंचा आवाज. डोळ्यांना पाखरांची उपमा देणारं ते गाणं सगळ्यांना पाठ आहे. ते प्रेमगीत म्हणून ऐकायला गोड लागतं. गोष्ट कळल्यावर त्याच गाण्याने अंगावर काटा येतो.

मेलेला माणूस परत येतो आणि म्हणतो 'मी तोच', ही गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. पानिपतावर १७६१ मध्ये सदाशिवराव भाऊ पडले. पुढे एक तोतया 'मीच भाऊ' म्हणत उभा राहिला, त्याच्यामागे फौज जमली, आणि १७७६ मध्ये नाना फडणवीसांना ते बंड मोडावं लागलं. बंगालमध्ये भवालच्या जमीनदार घराण्यातला मधला कुमार १९०९ मध्ये दार्जिलिंगला वारला असं सगळे समजत होते. बारा वर्षांनी एक संन्यासी ढाक्यात आला. १९३० मध्ये दावा दाखल झाला, शेकडो साक्षीदार तपासले गेले, अंगावरच्या खुणा मोजल्या गेल्या. १९३६ मध्ये ढाक्याच्या कोर्टाने आणि १९४६ मध्ये थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मान्य केलं की हाच तो कुमार. त्याची बायको शेवटपर्यंत नाही म्हणत राहिली.

आता फरक बघा. पुरुष परत आला, तर कोणी त्याच्यामागे फौज घेऊन उभं राहतं, कोणी शेकडो साक्षीदार आणतं. 'पाठलाग'मधल्या बाईला एकच साक्षीदार आहे, तिचा नवरा. तो 'हो' म्हणाला तर ती आहे, 'नाही' म्हणाला तर ती नाही.

तुम्ही म्हणाल, हे सिनेमात ठीक. पण माझ्याकडे असं प्रकरण आलं होतं. नाव-गाव सांगत नाही. आपल्याच भागातली शेतकऱ्याची लेक. लग्नात सासरच्यांनी नाव बदललं, आडनाव तर बदललंच. वडील गेले, वारस नोंदीत तिचं नाव आलं नाही. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, म्हणून तिने वाटपाचा दावा केला. भावांनी कैफियतीत लिहून दिलं, या नावाची बहीण आम्हाला नाही.

एका अर्थाने ते खोटंही नव्हतं. त्या नावाची बहीण त्यांना खरंच नव्हती.

बाईने सगळं सांगितलं. गोठ्यातल्या बैलजोडीची नावं, विहिरीला किती पायऱ्या, धाकट्या भावाला लहानपणी कपाळावर खोक कशी पडली. मला तर 'पाठलाग'मधलीच ती बाई बोलते आहे असं वाटलं. भाऊ खाली मान घालून ऐकत होते. पण कोर्टाला कागद लागतो. रेशनकार्डावर, आधारवर सासरचं नाव. लग्नपत्रिका सापडेना. मामा, ज्यांनी लग्न लावलं, ते वारलेले.

शेवटी तिच्या गावच्या प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर उपयोगी पडलं. मुख्याध्यापक स्वतः रजिस्टर घेऊन साक्षीला आले. जीर्ण पानं, शाईचं अक्षर, आणि त्यात तिचं माहेरचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचं कारण : 'लग्न'. त्या एका शेऱ्याने दोन नावांमधला पूल बांधला. निकाल तिच्या बाजूने लागला, हिस्सा मिळाला. माहेरचा उंबरा मात्र बंद झाला. तेही खरंच आहे, लपवून काय करू?

हे आज इथे का सांगते आहे? या मेळाव्यासाठी समितीने महिनोन् महिने फोन फिरवले. मुलगे बहुतेक सगळे सापडले, अगदी गुजरातेत स्थायिक झालेलेही. वर्गातल्या निम्म्या मुलींचा पत्ता लागला नाही. दोष समितीचा नाही. हजेरीपटावर ज्या नावाला आपण 'हजर' म्हणायचो, त्या नावाची बाई आता कुठल्याच यादीत नाही. कोणी मलकापूरला असेल, कोणी सुरतेला. व्हॉट्सअॅपवर ती कोणाची तरी मम्मी म्हणून असेल. तिला शोधायचं कोणत्या नावाने?

काळ बदलतो आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या राज्याने आईचं नाव बंधनकारक केलं. नातवंडांच्या नावात आजी नाही तरी आई आली. पण आपल्या पिढीचं काय? त्याची सोय आपणच करू शकतो.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, या स्मरणिकेतल्या यादीत प्रत्येक मुलीचं शाळेतलं नाव आधी छापा, आजचं नाव त्यापुढे. दुसरी, ज्या सापडल्या नाहीत त्यांची नावं गाळू नका. शाळेतल्या नावानेच छापा, पुढची जागा कोरी ठेवा. तिसरी मैत्रिणींसाठी. घरी गेल्यावर कागद तपासा. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक, यांवर नाव वेगळं असेल तर राजपत्रात नावबदलाची नोंद करून घ्या आणि लग्नाचा दाखला जपून ठेवा. हे काम सगळं सुरळीत असताना करायचं असतं. कैफियत हातात पडल्यावर उशीर झालेला असतो.

आज सकाळपासून इथे एकच खेळ चालला आहे : "ओळखलंस का मला?" कोणाचे केस गेलेत, कोणाचं वजन वाढलंय. तरी आवाजावरून, हसण्यावरून आपण ओळखतोच आहोत. आपल्यासाठी कोणाला कागद दाखवायची गरज नाही. जी आली नाही, तिच्यासाठी तिचं नाव तेवढं छापून ठेवू या. कधीतरी ही स्मरणिका तिच्या हाती पडली, तर तिला पुरावा मिळेल.

आता भरीत थंड व्हायच्या आत उठा.