शिक्षणकर्ज : व्याज शासनाचे, मुद्दल विद्यार्थ्याचे

(करोल बाग, नवी दिल्ली येथे स्पर्धा परीक्षांच्या मराठी विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



उच्च शिक्षणाच्या शुल्कासाठी शासन दोन प्रकारे साहाय्य करते. पहिला प्रकार शुल्कमाफीचा. महाराष्ट्राने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतील पात्र मुलींचे संपूर्ण शिक्षणशुल्क माफ केले. त्यासाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वार्षिक ८ लाख रुपये आहे. ही रक्कम परत करावी लागत नाही.

दुसरा प्रकार व्याज अनुदानाचा. २००९ च्या केंद्रीय योजनेनुसार ४.५ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील विद्यार्थ्याच्या व्यावसायिक वा तांत्रिक शिक्षणाच्या कर्जावरील संपूर्ण व्याज शासन भरते. मात्र ते अभ्यासक्रमाचा काळ व त्यानंतरचे एक वर्ष एवढेच. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलतीची तरतूद आहे.

मुद्दल मात्र विद्यार्थ्याचेच राहते. शिवाय ते एक वर्ष पदवीपासून मोजले जाते, आपल्या निकालापासून नव्हे. समजा, कर्ज ४ लाखांचे व व्याजदर १० टक्के आहे. अनुदान संपताच वर्षाला ४० हजारांचा भार येतो, आणि तयारीच्या काळात उत्पन्न शून्य असते. म्हणून आपल्या कर्जाची ती तारीख बँकेकडून आजच विचारून घ्या.

ऑस्ट्रेलियात १९८९ पासून उत्पन्न ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यावरच परतफेड सुरू होते. आपली पात्रता पालकांच्या उत्पन्नावरून ठरते. परतफेड मात्र पाल्याच्या उत्पन्नातून व्हायची असते. धोरणातील ही विसंगती उद्याच्या प्रशासकांनी ध्यानात ठेवावी.