संगणक आपोआप रीस्टार्ट होतोय? फॉरमॅट मारण्याआधी थांबा

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी भोगलेला आहे. डेस्कटॉपवर काम चाललेलं असतं, ना काही सूचना, ना काही आवाज, आणि एकदम स्क्रीन काळी. दोन सेकंदांत कंपनीचा लोगो. मशीन स्वतःच्या मर्जीनं पुन्हा सुरू.

मी बडोद्याला राहतो. आमच्या दांडिया बाजारात एक काकू घरबसल्या मराठी डीटीपी करतात: लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका. त्यांचं मशीन असं दिवसातून चार-पाच वेळा रीस्टार्ट व्हायला लागलं. दुकानात नेलं, तिथे विंडोज फॉरमॅट करून दिलं. काकूंच्या फायली होत्या डेस्कटॉपवर. डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्ह, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि दुकानदारानं विचारलं नाही. अर्धी स्मरणिका गेली. आठवड्याभरात मशीन पुन्हा तसंच. आता दुकानदार म्हणाला, मदरबोर्ड गेलाय, नवीन मशीन घ्या. तेव्हा काकू माझ्याकडे आल्या. "अरे, बघतोस का जरा? तिकडे नेलं की शहाण्यासारखं चालतं, घरी आणलं की सुरू."

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, आपण त्याकडे परत येऊ.

सगळ्यात आधी फायली पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढा. मग दुसरं काहीही. लिहिणं चालू असताना वीज तुटत राहिली तर फाइल खराब होते, कधी कधी विंडोजसुद्धा.

आता मुख्य प्रश्न एकच: मशीनला विंडोज रीस्टार्ट करतंय, की मशीनची वीजच तुटतेय? हे न ठरवता सुटे भाग बदलणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

विंडोजची मूळ सेटिंग अशी असते की मोठी चूक झाली तर एररची स्क्रीन दाखवून लगेच रीस्टार्ट. बरेचदा ती वाचायलाही मिळत नाही. म्हणून सर्चमध्ये ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज शोधा. तिथे स्टार्टअप अँड रिकव्हरीच्या सेटिंग्जमध्ये 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची टिक काढा. आता एररची स्क्रीन आली तर ती तिथेच थांबेल. मोबाइलवर फोटो काढा. त्यावरचं नाव पुढे रॅमकडे जायचं की एखाद्या ड्रायव्हरकडे, याचा माग देतं.

टिक काढूनही ती स्क्रीन न दिसता मशीन रीस्टार्ट झालं तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा. विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. तिथे कर्नेल-पॉवर, इव्हेंट ४१ अशी लाल नोंद सापडेल. ही नोंद बघून लोक घाबरतात. तिचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. कारण ती सांगत नाही. पण डिटेल्समध्ये बगचेककोड बघा. तिथे शून्य असेल तर विंडोजला काही लिहून ठेवायला वेळच मिळाला नाही: बहुधा वीज तुटली, किंवा मशीन पूर्ण गोठलं. काकूंकडे ओळीनं सगळे शून्य होते.

म्हणजे फॉरमॅटनं काही होणारच नव्हतं!

मग मी कॅबिनेट उघडलं. प्लग काढून, अर्थात. हीटसिंकवर धुळीचा जाड थर होता, तो ब्रशनं काढला. उन्हाळ्यात एवढ्यानंही फरक पडतो, कारण प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवायला मशीन बंद पाडतो. रॅम काढून घट्ट बसवली, रात्री विंडोज मेमरी डायग्नोस्टिक लावलं. दोष नाही. एक सांगतो, एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धक्का बसेल एवढी वीज साठून राहते. शंका असेल तर दुसरा चांगला एसएमपीएस लावून बघा.

एवढं करूनही मशीन माझ्यासमोर रीस्टार्ट झालं. काकूंनी तेव्हाच प्रिंट दिली होती. "काकू, परत एकदा द्या बघू प्रिंट." पुन्हा तेच!

त्यांचा लेझर प्रिंटर ६०० व्हीएच्या यूपीएसवरच लावलेला होता. लेझर प्रिंटरमध्ये शाई कागदावर पक्की करणारा रोलर तापवायला लागतो, आणि त्या क्षणी तो काहीशे वॅट ओढतो. व्होल्टेज खाली आलं की यूपीएस बॅटरीवर जातो. काकूंची बॅटरी चार वर्षांची, थकलेली. तिला संगणक आणि प्रिंटर दोन्ही पेलवेनात. एसएमपीएस वीज नसताना साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. त्याहून जास्त खंड पडला की 'वीज ठीक आहे' हा मदरबोर्डला जाणारा इशारा बंद होतो, आणि वीज परतली की मशीन पहिल्यापासून सुरू होतं.

दुकानात प्रिंटर नव्हता आणि काकूंचा यूपीएसही नव्हता. म्हणून तिथे मशीन शहाणं. दुकानदार खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही. त्यानं फक्त डबा तपासला, ज्या प्लगला तो लागतो तो नाही. तुम्ही मशीन दुरुस्तीला देताना यूपीएसही सोबत द्या, आणि रीस्टार्ट होताना नेमकं काय चाललं होतं ते कागदावर लिहून द्या. मिक्सर लागला होता का, फ्रिज सुरू झाला का, गेम चालू होता का.

प्रिंटर भिंतीवरच्या वेगळ्या सॉकेटवर लावला. यूपीएसची बॅटरी बदलली. खर्च झाला तो तेवढाच. आता लाइट गेली तर काकूंची प्रिंट मधेच अडकते, आणि अडकलेला कागद ओढताना त्या मला दोन शब्द सुनावतात. फायली मात्र डी ड्राइव्हवर आहेत, आणि एक प्रत पेनड्राइव्हवर.