आधी पाणी, मग जिरे



 मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांवर पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकणारे ढीवर-भोई बांधव आणि शेततळ्यात नव्यानं मासे सोडू लागलेले शेतकरी आज या परिषदेत एकत्र आले आहेत. दोघांनाही तितक्याच लागू पडणाऱ्या एकाच विषयावर मी बोलणार आहे: संगोपन तळ्यातलं पाणी.

1957 साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी आणि डॉ. अलिकुन्ही यांनी भारतीय कार्प माशांचं प्रेरित प्रजनन यशस्वी केलं आणि बीजासाठी नदीच्या पुराकडे डोळे लावण्याची गरज उरली नाही. आज जिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली माशांची पिल्लं, पैसे मोजले की मिळतात. ते जगवायचे कसे, याची चर्चा मात्र आपल्या बैठकांमध्ये फार थोडी होते.

कटला, रोहू, मृगळ यांचं जिरं पहिले तीनेक दिवस पोटातल्या बलकावर काढतं. बलक संपला की त्याच्या इवल्याशा तोंडात मावेल असं जिवंत खाद्य त्याच घटकेला समोर हवं. हे खाद्य म्हणजे प्राणीप्लवंग. खतानं पाण्यात सूक्ष्म शेवाळ आणि जिवाणू वाढतात; त्यांच्यावर आधी रोटिफर, मग मॉइना आणि डॅफ्निया पोसले जातात. याला दिवस लागतात. जिऱ्यांची गाडी दारात आल्यावर शेणाची पाटी ओतून उपयोग नाही.

म्हणून क्रम सांभाळा. नको असलेले मासे काढण्यासाठी मोहाची पेंड टाकली असेल, तर तिचा विषारी अंश उतरेपर्यंत थांबा. पुढे तीच खत होते. मातीचा सामू पाहून चुना द्या. मग भुईमुगाची पेंड हेक्टरी 750 किलो, शेण 200 किलो आणि सिंगल सुपर फॉस्फेट 50 किलो भिजवून घ्या. त्यातलं निम्मं जिरे सोडण्याच्या दोन-तीन दिवस आधी आणि उरलेलं पुढे हप्त्याहप्त्यानं द्या. एकदम सगळं ओतलं की शेण कुजताना प्राणवायू खाऊन टाकतं, आणि ढगाळ रात्रीनंतर पहाटे जिरे मेलेले दिसतात. हे नुकसान टाळता येतं, म्हणूनच ते मला जास्त बोचतं.

फार लवकर तयारी केली तरी घात होतो. तळं जुनं झालं की सायक्लॉप्स आणि पाणकिडे माजतात आणि जिऱ्यांवरच तुटून पडतात. साबण आणि तेलाचं मिश्रण आदल्या दिवशी पसरलं, तर पृष्ठभागावर श्वास घ्यायला येणारे किडे गुदमरतात.

प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात तळाची माती पाण्याला काहीच देत नाही. तिथे थोडं थोडं खत वारंवार द्यावं लागेल. मातीच्या तलावाचं वेळापत्रक तिथे जसंच्या तसं चालवणं मला चुकीचं वाटतं.

बीज केंद्रांना माझी विनंती आहे: शेतकऱ्याला जिऱ्यांची तारीख पंधरा दिवस आधी कळवा. आणि प्रत्येक सहकारी संस्थेनं एक प्लवंग जाळी, एक काचेची नळी ठेवावी. पन्नास लिटर पाणी गाळून नळीत मिलिलिटरभर प्लवंग जमला, तरच जिरे उतरवा. नाहीतर केंद्राला फोन करून दोन दिवस मागून घ्या.