कृषी पर्यटन केंद्रावर इंटरनेट : जेवढे आहे तेवढेच सांगा
(चाकण येथे कृषी पर्यटन करणाऱ्या शेतकऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चाकणच्या बाजारात कांदा आणणाऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. गोणीच्या तोंडाशी मोठा कांदा आणि तळाला गोल्टी भरली, तर व्यापारी एकदा फसेल. पुढच्या वेळी तो आपल्या वक्कलाकडे बघणारही नाही. आज मात्र मला कांद्याविषयी बोलायचे नाही. आपल्यापैकी अनेकांनी शेतावर पाहुण्यांसाठी दोन-चार खोल्या बांधल्या आहेत. त्या खोल्यांच्या जाहिरातीत आपण 'इंटरनेटची सोय आहे' असे छापतो. ही ओळ म्हणजे गोणीच्या तोंडाचा कांदा झाली आहे का, याचा आज आपण विचार करू.

महाराष्ट्रात कृषी पर्यटनाची पद्धतशीर सुरुवात २००५ साली बारामती तालुक्यातील पळशीवाडीपासून झाली. २०२० साली राज्य शासनाने कृषी पर्यटन धोरण जाहीर केले आणि केंद्रांची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होऊ लागली. आपल्या भागाला तर गिऱ्हाईक दाराशी आहे. पिंपरी-चिंचवड, हिंजवडी आणि चाकणचे कारखाने येथील नोकरदार कुटुंबे हुरड्याला, आंब्याला, पावसाळ्यात धरणाकाठी येतात. मात्र त्यांचे ऑफिसही आता त्यांच्याबरोबर फोनमधून येते.

माझा अनुभव

माझ्या शेतावर दोन खोल्या आहेत. शेत खेड तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीत आहे. सुरुवातीला मीही जाहिरातीत इंटरनेटची सोय लिहिली होती. सोय म्हणजे काय, तर अंगणात एका कंपनीची थोडी रेंज येत असे. एकदा एक इंजिनीअर कुटुंबासह मुक्कामाला आले. रात्री दहा वाजता त्यांची परदेशातील लोकांबरोबर फोनवर बैठक होती. खोलीवर पत्रा, त्यामुळे आत रेंज नाही. अंगणात आवाज तुटू लागला. बायको-मूल झोपलेले पाहून ते रेंज शोधत एकटेच बांधाने उसाच्या कडेला गेले.

मला हे कळले तेव्हा अंगावर काटा आला. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात उसात बिबट्या राहतो, हे आपल्याला सांगायला नको. त्याच आठवड्यात वस्तीवरचे कुत्रे गेले होते. मी बॅटरी आणि काठी घेऊन धावलो आणि त्यांना परत आणले. काही वाईट घडले नाही, पण पहाटेच ते निघून गेले. मी पैसे परत दिले. त्यांचे म्हणणे एवढेच होते, "काका, नाही म्हणून सांगितले असते तरी मी आलो असतो. बैठक दुसऱ्या दिवशी ठेवली असती." त्या दिवसापासून मी या विषयाकडे लक्ष देऊ लागलो.

रेंज का मिळत नाही ?

मोबाईलच्या लहरींना डोंगर आडवा आला की पलीकडे सावली पडते. चाकणच्या सपाटीवर जे चालते ते भामा-आसखेड किंवा चासकमानच्या खोऱ्यात चालेलच असे नाही. ७००, ८०० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी आत येतात. त्याहून वरच्या लहरी माहिती जास्त वाहतात, पण त्यांचा पल्ला कमी असतो. पत्र्याचे छप्पर आणि जाड दगडी भिंत या दोन्ही लहरींच्या वैरी आहेत. म्हणून जुन्या वाड्यात किंवा पत्र्याच्या खोलीत फोन मुका होतो आणि दहा पावलांवर, आंब्याखाली, तोच फोन वाजतो.

दुसरे कारण वाटपाचे आहे. एका टॉवरची क्षमता म्हणजे पाटाचे पाणी. सोमवारी दुपारी दोघेच भिजवत असतात, शनिवारी रात्री सगळी आळी मोटारी सुरू करते. फोनवर पट्ट्या पूर्ण दिसतात, तरीही चित्र हलत नाही, ते यामुळे. पट्ट्या लहर पोचते एवढेच सांगतात, पाणी किती मिळेल ते सांगत नाहीत.

आधी मोजा, मग बोला

आपण माल काट्यावर घातल्याशिवाय वजन सांगत नाही. तसेच येथे करावे.

१) ओळखीच्यांकडून निरनिराळ्या कंपन्यांची सिमे असलेले फोन एक दिवस मागून आणावेत. प्रत्येक खोलीत, ओट्यावर, जेवणाच्या जागी आणि वाहने उभी राहतात तेथे ते तपासावेत.

२) तपासणी सकाळी, रात्री नऊ वाजता आणि शनिवारी रात्री अशी तीन वेळा करावी. वेग मोजण्याची साधने फोनवर मोफत मिळतात.

३) उतरणीचा आणि चढणीचा, दोन्ही वेग लिहून ठेवावेत. सिनेमा पाहायला उतरणीचा वेग लागतो. बैठकीत आपला चेहरा आणि आवाज पलीकडे जायला चढणीचा वेग लागतो. बहुतेक तक्रारी या दुसऱ्या वेगाच्या असतात.

व्हॉट्सॲपवरच्या नुसत्या बोलण्याला फार थोडा वेग पुरतो. चित्रासह बैठकीला दोन्ही बाजूंनी साधारण १ ते दीड मेगाबिट प्रतिसेकंद लागतो. चांगल्या प्रतीचा सिनेमा पाहणारा एक फोन ५ मेगाबिट घेतो. आता हिशेब करा. आपल्याकडे १० मेगाबिटची जोडणी आहे आणि संध्याकाळी चार मुले सिनेमा लावून बसली, तर मागणी २० ची झाली. कुणालाच पुरणार नाही. २० मेगाबिटची स्थिर जोडणी आणि राऊटरमध्ये प्रत्येक फोनला घातलेली मर्यादा, एवढ्यावर तीन-चार खोल्यांचे केंद्र समाधानाने चालते. शिवाय, पाहुण्यांचे फोन वाय-फाय मिळताच दिवसभराचे फोटो आपोआप वर पाठवू लागतात आणि चढणीचा वेग खाऊन टाकतात. बैठक असेल तेव्हा ते बंद ठेवण्याची विनंती करावी.

सोय कशी वाढवावी ?

सर्वात चांगली सोय म्हणजे प्रकाशतंतूची, फायबरची जोडणी. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला केंद्र शासनाने २०११ साली मंजुरी दिली, तीच पुढे भारतनेट झाली. आपल्या ग्रामपंचायतीत ही तार आली आहे का आणि चालू आहे का, याची प्रथम चौकशी करावी. वस्ती लांब असेल तर चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून मागणी केल्यास जोडणी देणाऱ्यालाही खांब टाकणे परवडते.

फायबर शक्य नसेल तर बाहेरच्या अँटेनाची सोय असलेला ४जी राऊटर घ्यावा. अँटेना पत्र्याच्या वर, पाईपवर, टॉवरच्या दिशेने बसवावी. अँटेनापासून राऊटरपर्यंतची वायर जितकी आखूड तितके बरे, कारण लांब वायरीत लहर विरते. राऊटरपासून खोल्यांपर्यंत मात्र नेटवर्कची केबल १०० मीटरपर्यंत बिनदिक्कत नेता येते. ज्यांच्या फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग आहे, त्यांना मग पत्र्याखालीही साधा फोन लागतो.

एक इशारा देतो. रेंज वाढवणारे बूस्टर म्हणून जी यंत्रे विकली जातात, ती परवान्याशिवाय बसवणे हा गुन्हा आहे. त्यांच्यामुळे आजूबाजूच्या सगळ्या गावाची रेंज बिघडते. स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये.

वीज गेली की इंटरनेट जाते. राऊटर साधारण १० वॅटच वीज खातो. त्याच्यासाठी मिळणारा छोटा यूपीएस दोन-तीन तास सहज काढतो. वळवाच्या पावसात कडकडाट सुरू झाला की राऊटरचा प्लग काढून ठेवावा. तांब्याच्या तारेतून वीज यंत्रापर्यंत येते आणि राऊटर जळतो.

जोडणी आपल्या नावावर असते. तिच्यावरून कोणी गैरकृत्य केले तर विचारणा आपल्याकडेच होते. म्हणून घरचे आणि पाहुण्यांचे वाय-फाय वेगळे ठेवावे, पासवर्ड अधूनमधून बदलावा आणि प्रत्येक पाहुण्याची ओळखपत्रासह नोंद वहीत घ्यावी. कारखान्यांमुळे आपल्याकडे परदेशी पाहुणेही येतात. त्यांची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवणे बंधनकारक आहे. तेवढ्यासाठी तरी नेटची खात्रीची एक जागा आपल्याला माहीत हवी.

ज्याला नेट लागू नये अशा गोष्टी

वारणानगर परिसरातील ७० गावांत १९९८ साली संगणक केंद्रांचा मोठा प्रकल्प सुरू झाला होता. पुढे असे दिसले की शेतकऱ्याला मुख्यतः आपल्या उसाचे वजन आणि हिशेब हवा असतो. मग काही गावांत संगणकाऐवजी मोबाईलच्या साध्या संदेशावर तेच काम करून पाहिले गेले. यातून घ्यायचे ते असे, की आधी गरज ओळखावी आणि जे काम साध्या साधनाने होते ते साध्याच साधनाने करावे.

आपल्याकडे पैसे देणे, रस्ता सापडणे आणि अडचणीत मदत मिळणे ही तीन कामे नेटवाचून झालीच पाहिजेत. आगाऊ रक्कम पाहुणे घरून निघण्यापूर्वीच घ्यावी, म्हणजे निघताना क्यूआर कोडपुढे खोळंबा होत नाही. सुटे पैसे जवळ ठेवावेत. रस्त्याच्या खुणा, म्हणजे कोणते देऊळ, कोणता पूल, कोणता फाटा, आदल्या दिवशीच लिहून पाठवाव्यात. शेवटच्या वळणावर फोनचा नकाशा बंद पडतो, तेथे पाटी लावावी.

तिसरे काम जिवाचे आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी शेजारच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. ही बातमी बाहेर गेली ती त्या रस्त्याने आलेल्या एसटीच्या चालकामुळे. त्याला गाव जागेवर दिसले नाही. डोंगरातल्या वस्तीचा आवाज बाहेर पोचायला किती वेळ लागू शकतो, हे आपण तेव्हा पाहिले आहे. साप चावला, मूल पाण्यात पडले, कुणाच्या छातीत दुखू लागले, तर पाहुणा रेंज शोधत फिरू नये. प्रत्येक खोलीत जाड कागदावर लिहून लावावे : रुग्णवाहिका १०८, तातडीची मदत ११२, सर्पदंशाची लस मिळणारा जवळचा दवाखाना, आपला नंबर आणि रेंज नक्की मिळणारी जागा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी तेथे दुसऱ्या कंपनीची असेल, तर ११२ लागू शकतो. रेंजच्या त्या जागेपर्यंत दिवा लावावा, बसायला बाक ठेवावा. ती जागा घराजवळ, उसापासून दूर निवडावी. हा खर्च अगदी थोडा आहे.

नाही ते नाही म्हणा

काही जण म्हणतात, नेट नाही तर 'शांतता' म्हणून जाहिरात करा. मला हे अर्धेच पटते. ज्याला शांतता हवी तो ती मागून घेईल. आपली उणीव त्याच्या गळ्यात गुण म्हणून बांधू नये. माझ्या पत्रकात आता असे छापले आहे : "ओट्यावर वाय-फाय आहे, एका वेळी एक बैठक होईल एवढे. खोल्यांत नाही. शनिवारी रात्री वेग कमी होतो. वीज गेल्यास दोन तास चालते. फार महत्त्वाचे काम असल्यास आधी फोन करावा." हे वाचून काही जण येत नाहीत हे खरे. पण जे येतात ते भांडत नाहीत, आणि पुढच्या हुरड्याला शेजाऱ्याला घेऊन येतात. मुले पहिला तासभर कुरकुरतात. मग त्यांना कांद्याच्या रोपाच्या जुड्या हातात द्याव्यात आणि वाफ्यात लागणीला बसवावे. फोनची आठवण जेवायला हाक मारेपर्यंत होत नाही.

येत्या शनिवारी रात्री नऊ वाजता फोन हातात घेऊन आपल्या प्रत्येक खोलीत जा, मोजा आणि ते आकडे वहीत लिहा. मग जाहिरातीतली ती ओळ काढून बघा आणि तिच्या जागी खरी ओळ लिहा. गोणीच्या तोंडाशी आणि तळाला एकच कांदा असू द्या.