वहाण, बूट आणि पाय
(अभ्यासवर्गातील भाषण)



'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण आपल्यापैकी प्रत्येकीने कधी ना कधी ऐकली आहे. त्यात बाई म्हणजे वहाण, पुरुष म्हणजे पाय. सिल्व्हिया प्लाथ या अमेरिकन कवयित्रीने ऑक्टोबर १९६२ मध्ये लिहिलेल्या 'डॅडी' या कवितेत हे नेमके उलटे होते. तिथे बाप हा काळा बूट आहे आणि मुलगी म्हणजे तीस वर्षे त्यात कोंडलेला पाय.

ही कविता निव्वळ बापाच्या द्वेषाची आहे असे म्हटले जाते. मला ते अपुरे वाटते. बूट पायाला काचतो, वाढू देत नाही. पण तो पायाला जपतोही. त्यातून बाहेर पडायचे म्हणजे अनवाणी व्हायचे. मुलीची खरी कोंडी ती आहे.

प्लाथचे वडील मधमाश्यांचे अभ्यासक आणि प्राध्यापक होते. मधुमेहामुळे त्यांचा पाय कापावा लागला आणि १९४० मध्ये ते वारले. तेव्हा ती आठ वर्षांची होती. कवितेत पाय, बूट, पायाचे बोट पुन्हा पुन्हा येतात, त्यामागे ही आठवण असावी.

पुढे हाच बाप देव होतो, पुतळा होतो, फळ्यापाशी उभा मास्तर होतो, नाझी होतो, रक्तपिपासू पिशाच्च होतो. प्रत्यक्षात ते नाझी नव्हते. हिटलर सत्तेवर येण्याच्या कितीतरी आधी, किशोरवयातच ते अमेरिकेत आले होते. म्हणून ही कविता चरित्र समजून वाचू नये. ज्यूंच्या संहाराची प्रतिमा घरातल्या दुःखासाठी वापरावी का, असा आक्षेप अनेक समीक्षकांनी घेतला. तो मला रास्त वाटतो. तरीही ती प्रतिमा का सुचली असेल, हे विचारायला हवे. घरातल्या सत्तेला घरात 'शिस्त', 'काळजी', 'वळण' अशीच नावे असतात. तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारायची तर भाषा घराबाहेरून उसनी आणावी लागते.

मग कवितेतली मुलगी बापाचीच प्रतिकृती घडवून तिच्याशी लग्न करते. बूट बदलला, माप तेच राहिले! आपल्याकडे येणाऱ्या किती जणींची ही कहाणी आहे.

शेवटी गावकरी त्या पिशाच्चावर नाचतात, त्याला पायांखाली तुडवतात. कोंडलेल्या एका पायाचे अनेक मोकळे पाय झाले. पण तेव्हाही ती त्याला लहान मुलीच्याच शब्दाने हाक मारते, 'डॅडी'. म्हणजे सुटका झाली का? माझ्या मते, पूर्ण नाही. कवितेचा प्रामाणिकपणा तिथेच आहे.

एखादी मैत्रीण बापाच्या धाकाविषयी सांगते आणि लगेच म्हणते, "पण त्यांचा माझ्यावर फार जीव होता." आपण घाईने यातले एकच वाक्य खरे धरतो आणि दुसरे तिची भाबडी समजूत ठरवतो. दोन्ही खरी असतात. दोन्ही ऐकून घेतली, तरच ती पुढचे बोलेल.

आता गटांत बसताना एक करून पाहू या. आपल्या वडिलांसाठी एक वस्तू शोधा: बूट, छत्री, कुलूप, काहीही. मग ती वस्तू आपल्याला काय देते आणि काय हिरावून घेते, तेवढे सांगा.